पेणच्या पापडांचं पार्सल

अंजूरच्या एका कुरिअर गोडाऊनमध्ये धनेश तक्रारींच्या टेबलावर बसायचा, आणि सहा वर्षांच्या नोकरीत त्याला मनापासून एकच वाक्य पाठ झालं होतं. "सिस्टिमला डिलिव्हर्ड दिसतंय, फोटो आहे, ओटीपी आहे. पार्सल दारात पोचलं की कंपनीची जबाबदारी संपली." हे वाक्य तो इतक्या गोड आवाजात म्हणायचा, की माणसं आधी त्याला थँक्यू म्हणत आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात येई की आपल्या हाती काहीच लागलेलं नाही. तोवर धनेशने पुढचा फोन उचललेला असे.

गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि चहाचा कप तोंडाला लावला, तेव्हा मेघालीने विचारलं, "अहो, मैनामावशीचं पार्सल कधी येणार?"

"आलं ना काल."

"कुठे?"

"घरी. मीच ओटीपी दिला फोनवर."

"कुणी घेतलं?"

धनेशने कप खाली ठेवला. पार्सल मेघालीने घेतलं असणार असं तो काल रात्रीपासून धरून चालला होता. मेघाली धामणकर नाक्याजवळ साड्यांच्या पॅकिंगला जाते, दिवसभर घरी नसते, ही गोष्ट त्याला लग्नाला आठ वर्षं झाल्यावर आत्ता नव्याने समजल्यासारखी वाटली.

त्या पार्सलात नथ होती. साधीसुधी नव्हे, मेघालीच्या आईच्या, म्हणजे खारबावच्या ठकुबाईंच्या घराण्यातली नथ. त्या घरातली प्रत्येक मुलगी हळदीला हीच नथ घालून बसते. मेघाली बसली होती आणि येत्या रविवारी तिची धाकटी बहीण करिष्मा बसायची होती. नथीचे दोन मोती सैल झाले म्हणून ती पेणला मैनामावशीकडे गेली होती, कारण तिथल्या जुन्या सोनाराशिवाय ठकुबाई कुणाला नथीला हात लावू देत नसत. मोती बसवून झाल्यावर ठकुबाई स्वतः एसटीने जाऊन नथ आणणार होत्या. तेव्हा धनेशच मध्ये पडला होता.

"एवढ्या उन्हात कशाला जाताय, आई? कुरिअर करा. मी लाईनमधलाच माणूस आहे ना! डोळे मिटून पार्सल घरात येतं की नाही बघा."

ठकुबाईंना ते पटलं नव्हतं. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून त्या गप्प बसल्या. शनिवारी दुपारी त्या जेवायला येणार होत्या आणि जाताना नथ घेऊन जाणार होत्या. हाताशी पुरते दोन दिवससुद्धा नव्हते.

"आक्काला विचारू या?" मेघाली म्हणाली. आक्का म्हणजे धनेशची आई.

"वेडी आहेस का? आक्काच्या कानावर घातलं की पाच मिनिटांत नळावर, नळावरून देवळात आणि देवळातून खारबावला. तुझी आई उद्या सकाळीच दारात उभी राहील. काही झालं तरी आक्काला कळता कामा नये."

हे मेघालीलाही पटलं. आक्कांच्या पोटात एखादी गोष्ट राहिली आहे असं अंजूरमध्ये कुणी पाहिलेलं नव्हतं. एवढ्यात खुद्द आक्काच मागच्या पडवीतून पदराला हात पुसत आल्या आणि दोघांनी एकदम चहाची स्तुती सुरू केली.

"ऐका रे," आक्का म्हणाल्या, "कालपासून पडवीत रवण घातलीय. अंड्यांवर कोंबडी बसलीय. कुणी तिकडं फिरकायचं न्हाय. पिल्लं निघंपर्यंत एकवीस दिवस मागचा दरवाजा बंद."

रवणीवरच्या कोंबडीवर परक्याची सावली पडली तरी अंडी बिघडतात, हा आक्कांचा कायदा होता आणि घरात तो सगळे पाळत. धनेशने मान डोलावली. त्याला कोंबड्यांमध्ये रस नव्हता.

शुक्रवारी सकाळी तो गोडाऊनला पोचला तो थेट मनोजच्या टेबलापाशी. मनोज डिलिव्हरीचं काम बघायचा.

"बुधवारचा आमच्या आळीचा पोरगा कोण?"

"नवा होता. तीन दिवस काम केलं, पटलं नाही, गावाला गेला. फोन बंद आहे. का रे?"

"काही नाही. एका कस्टमरची तक्रार आहे."

"मग आपलं नेहमीचं वाक्य सांग की!" मनोज हसला. "तुझ्याएवढं चांगलं कुणाला जमतं?"

धनेशने डिलिव्हरीचा फोटो उघडला. आजवर त्याने असे हजारो फोटो लोकांच्या तोंडावर फेकले होते, पण नीट निरखून एकही पाहिला नव्हता. फोटोत शहाबादी लादी होती, तिच्यावर मोठं खोकं होतं, कडेला निळ्या ड्रमाचा अर्धा भाग दिसत होता. शहाबादी लादी अख्ख्या गावात, आणि गोडाऊनं आल्यापासून निळा ड्रम नाही असं घर अंजूरमध्ये उरलेलं नाही. एवढ्यावरून घर ओळखायचं कसं? तोंडात येतील तेवढ्या शिव्या त्याने त्या पोराला मनातल्या मनात दिल्या.

मग त्याला कोंबडी दिसली. खोक्यामागून ती डोकावत होती आणि तिच्या पायाला हिरवं फडकं बांधलेलं होतं. गावात कोंबड्या एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक घर आपल्या कोंबडीच्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधतं. आक्कांच्या कोंबड्यांना लाल चिंधी. हिरवी चिंधी आळीत एकाच घराची, समोरच्या रंगूबाईची!

धनेशला आनंदाने घाम फुटला. पोराने घर चुकून पार्सल समोर टाकलं, इतकं सोपं होतं तर! त्याने अर्धी सुट्टी टाकली आणि रिक्षाने गावात आला.

रंगूबाई घरात दिसत नव्हती. तेव्हा आधी नुसती पाहणी करावी, असा विचार करून तो तिच्या ओट्यावर चढला. लादी शहाबादी होती. ड्रम निळा होता. त्याने ड्रमाचं झाकण उचललं आणि आत डोकं घातलं.

"माझ्या ड्रमात काय सांडलं रं तुझं?" मागून आवाज आला.

धनेशने डोकं बाहेर काढलं. त्याला तांदळाचा कोंडा लागला होता. "काकी, तसं नाही... हा फोटो बघा जरा. ही कोंबडी कुणाची?"

रंगूबाईने मोबाइल हातभर लांब धरून पाहिला. "ही माझी चंद्री. का?"

"मग हे खोकं तुमच्या ओट्यावर आलं होतं."

"माझ्या ओट्यावर कंचंच खोकं आलं न्हाय."

"काकी, कोंबडी तुमची आहे. फोटो आहे. पुरावा आहे. खोक्यात महत्त्वाची वस्तू होती. तुम्ही ठेवून घेतली असेल तर अजूनही..."

एवढं बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे बोलायला नको होतं. पण वाक्य तोंडातून गेलं होतं आणि रंगूबाईचा चेहरा उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा झाला होता.

"चोर म्हनतस मना? तुझ्या बारशाला पाळन्याची दोरी वडली मी! आनि गेल्या दिवाळीला माझा मिक्सर आला न्हाय, तवा तुझ्या टेबलासमोर दोन तास उभी व्हते, तवा काय बोललास? 'काकी, फोटो हाय, दारात पोचला, आमची जबाबदारी संपली.' तवा मी कुनाला चोर म्हनलं का? ऊठ! उतर ओट्यावरून!"

"काकी, निदान चंद्री कुठे असते ते तरी..."

"चंद्री कुठं हाय ते मना पक्कं ठाव हाय," रंगूबाई म्हणाली. "पन तुला सांगनार न्हाय. शोध तंगड्या तोडून." आणि तिने दार असं आपटलं की ड्रमाचं झाकण खाली पडलं. धनेश ते परत लावून, डोक्यावरचा कोंडा झटकत घरी आला.

आता एकच मार्ग उरला होता. ज्या टेबलावर तो सहा वर्षं बसला, त्याच टेबलाकडे तक्रार करायची. धनेश सुट्टीवर असल्यामुळे फोन मनोजने उचलला.

"सिस्टिमला डिलिव्हर्ड दिसतंय," मनोज म्हणाला, "फोटो आहे, ओटी..."

"मन्या, मी बोलतोय!"

"अरे, तू? म्हणजे तो कस्टमर तूच?" मनोज बराच वेळ हसला. मग गंभीर झाला. "पण ओटीपी तूच दिलास. मालकीण घरात आहे की नाही हेसुद्धा न विचारता. आपणच लोकांना सांगतो, वस्तू हातात पडल्याशिवाय ओटीपी देऊ नका."

"माहीत आहे मला. भरपाईचं बोल. वस्तू महागाची आहे."

"थांब, बघतो. आत काय लिहिलंय... पोह्याचे पापड, दीड किलो."

धनेशने डोळे मिटले. कुरिअरने सोनं चालत नाही. तेव्हा मैनामावशीला त्यानेच फोनवर अक्कल शिकवली होती: "मावशी, मोठं खोकं घ्या, तुमचे पोह्याचे पापड भरा, खाली कागदात गुंडाळून नथीची डबी ठेवा आणि वर नुसतं 'पापड' लिहा. कुणाला संशय येणार नाही."

"पापडांचे पैसे मिळतील," मनोज म्हणाला. "तेसुद्धा कच्च्यांचे. तळलेले असते तर तेल धरलं असतं."

शुक्रवारची रात्र नवराबायकोंनी छताकडे बघत काढली. मेघाली त्याला एका शब्दाने बोलली नाही, आणि धनेशला तेच जास्त लागलं. करिष्मा हळदीला बिननथीची बसलेली त्याला दिसत होती आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या सासूबाई तर फारच स्पष्ट दिसत होत्या. सकाळी मेघाली एवढंच म्हणाली, "आईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. जेवण झाल्यावर. उपाशीपोटी तिला चक्कर येते."

शनिवारी बाराला ठकुबाई आल्या. नवं लुगडं, हातात मिठाईचा पुडा आणि नथ ठेवायला घरून आणलेली मखमली पिशवी. पिशवी त्यांनी पानाशेजारीच ठेवली. आक्कांनी विहिणीसाठी भरलेलं पापलेट, वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. सासूबाई मिटक्या मारत होत्या आणि प्रत्येक मिटकीसरशी जेवण किती संपत आलं, हे धनेश मोजत होता.

"विहीणबाय, पापड घ्या," आक्का म्हणाल्या आणि तळलेल्या पापडांचं ताट पुढे केलं. "खास तुमच्यासाठी राखून ठेवले व्हते. या दोघांना दाखवलेसुद्धा न्हाय."

ठकुबाईंनी पापड मोडला, तोंडात टाकला आणि चावता चावता थांबल्या. पुन्हा एक तुकडा टाकला.

"हे तर आमच्या मैनाचं पापड!"

"काहीतरीच काय, आई," धनेश म्हणाला. "पोह्याचे पापड सगळीकडे सारखेच."

"मना शिकवतस? पोह्याच्या पापडात ओवा आनि वरून काळं तीळ, अख्ख्या पेनेत माझी बहीनच घालते. कुनी आनलं ह्ये?"

"आनले कुनी म्हंजे? धनेशनंच धाडले ना!" आक्का म्हणाल्या. "बुधवारी मी नळावरून आले तर पडवीत खोकं. पुढच्या दाराला कंटेनर अडकला व्हता, म्हनून मागून ठेवलं असंल. याची खोकी तर रोजच येतात. म्हनलं, या खेपंला पोरानं आईसाठी पापड धाडले. डोळं भरून आलं माझं."

हे मात्र खरं होतं. गोडाऊनमधली रिकामी खोकी धनेश वर्षानुवर्षं घरी आणत होता. आक्कांचे कांदे खोक्यात, चपला खोक्यात, सणाची भांडी खोक्यात. कुणाचंतरी नाव चिकटवलेलं नाही असं खोकं त्या घरात आलंच नव्हतं, त्यामुळे वर कुणाचं नाव आहे हे वाचायची आक्कांना कधी गरज पडली नव्हती.

"आक्का," धनेश पानावरून उठत म्हणाला, "ते खोकं कुठे आहे?"

"त्यातच रवण घातली की! आत कागद केवढा व्हता, मऊमऊ. रंगूची चंद्री खुडूक झालेली, ती त्याच सकाळी घेतली अर्धेलीनं. अंडी आपली, कोंबडी तिची, पिल्लं निम्मी निम्मी."

धनेश आणि मेघालीने एकमेकांकडे पाहिलं. दोन दिवस त्यांनी अख्ख्या गावाला संशयित धरलं होतं. ज्या एका बाईला सगळं ठाऊक होतं, तिलाच तेवढं विचारलं नव्हतं.

आता ठकुबाईंना सांगणं भागच होतं. शेवटी मेघालीनेच दोन वाक्यांत सांगितलं. ठकुबाईंना चक्कर आली नाही. त्यांनी शांतपणे हात धुतले, मखमली पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "जावईबापू, उठवा कोंबडी."

पडवीत सरपणाच्या आडोशाला खोकं होतं. त्यावर कंपनीची टेप होती, धनेशचं नाव होतं आणि आत पिसं फुलवून चंद्री बसली होती. तिचे डोळे बघून धनेशने हात हळूच पुढे केला. चंद्रीने त्याहून जलद चोच पुढे केली. दुसऱ्यांदा त्याने टॉवेल गुंडाळून हात घातला, तेव्हा तिने टॉवेल सोडून कोपर धरलं.

"तिला रंगूशिवाय कुनी हात लावू शकत न्हाय," आक्का म्हणाल्या. "जा, बोलाव तिला."

रंगूबाई आली, पण पडवीच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पदर खोचला आणि घसा साफ केला. या क्षणाची ती कालपासून वाट बघत असावी.

"धनेश, कोंबडी मी बुधवारी तुझ्या घरात पोचवली. आक्काच्या हातात दिली. पोचवली का न्हाय?"

"पोचवली, काकी."

"मग माझी जबाबदारी संपली. आता मधीच उठवली आनि परत बसली न्हाय, अंडी गेली, तर माझ्या वाट्याची पिल्लं कोन देनार?"

धनेश सहा वर्षं ज्या गोड आवाजात बोलत आला होता, तो आवाज आज त्याला कुठेच सापडेना. "मी देईन, काकी."

"असं न्हाय. अंडी मोज, फोटो काढ, पुरावा पायजे. आनि काल मना काय म्हनालास, ते परत घे. आळीला ऐकू जाईल असं."

धनेशने पडवीच्या कट्ट्यावर उभं राहून रंगूकाकी चोर नाहीत हे अंजूर गावाला जाहीर केलं. रस्त्यावरच्या एका कंटेनरच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून "क्या हुआ, भाई?" असंही विचारलं. मग रंगूबाई खाली बसली, "ये ग माझी बाय" म्हणाली आणि चंद्रीला लेकरासारखी अलगद उचलली.

आक्का अंडी मोजू लागल्या. "...नऊ, धा, अकरा. अकराच ठेवली व्हती. मग ही बारावी कंची?"

बारावं अंडं म्हणजे मैनामावशीची गोल पांढरी डबी होती. कागद उकरून चंद्रीने ती वर काढली होती आणि तीन दिवस इतर अंड्यांबरोबर पोटाखाली धरून इमानाने उबवत होती. ठकुबाईंनी डबी उघडली. नथ ऊबदार होती आणि मोती जागच्या जागी होते. त्यांनी ती पिशवीत ठेवली, कनवटीला खोचली आणि मग प्रथमच धनेशकडे पाहिलं.

"तुमच्या कंपनीपेक्षा कोंबडी बरी," त्या म्हणाल्या. "तिनं निदान पोचल्यावर सांभाळलं." आणि राहिलेला पापड खायला आत गेल्या.

रविवारी करिष्मा नथ घालून हळदीला बसली आणि फार सुंदर दिसली. मेघालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला. तो हात दोन ठिकाणी बँडेजमध्ये होता. चंद्री मात्र एकदा उठली ती परत अंड्यांवर बसली नाही. तिला जे काही उबवायचं होतं ते नेलं, अशी तिची समजूत झाली असावी. करार झालेला होता, फोटो काढलेला होता. धनेशने खोक्यात बल्ब सोडला. दिवसा घरी कुणी अंडी फिरवायला नसे, म्हणून तो खोकं रोज रिक्षाने गोडाऊनला नेऊ लागला आणि टेबलाखाली वायर जोडून ठेवू लागला. आक्कांचा दिवस नळावरच्या गप्पांत जाई, आणि आक्का आणि नळ यांच्यामध्ये तो येऊ इच्छित नव्हता. रोज संध्याकाळी रंगूबाई समोरून ओरडे, "कुठवर आलं?" आणि तो उत्तर देई, "वाटेत आहे, काकी."

एकविसाव्या दिवशी दुपारी टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे कल्याणची कुणी बाई होती, आवाज रडवेला. "अहो, तुमचा माणूस म्हणतो दारात ठेवलं. फोटोपण आहे. पण पार्सल घरात कुठेच नाही. माझ्या मुलीच्या कानातले आहेत हो त्यात."

"मॅडम, सिस्टिमला डिलिव्हर्ड दिसतंय," धनेशने सवयीने सुरुवात केली, "फोटो आहे, ओटीपी आहे. पार्सल दारात पोचलं की..."

टेबलाखालून 'चिव' असा आवाज आला. धनेशने वाकून पाहिलं. एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून एक ओली, चिमुकली चोच बाहेर येऊन हवा हुंगत होती.

"हॅलो? पोचलं की पुढे काय?" बाईंनी विचारलं.

धनेशने खुर्ची पुढे ओढली.

"ताई, घरात दिवसा कोण असतं?"

"सासूबाई असतात."

"त्यांना विचारलंत?"

"नाही हो. त्यांना सांगितलं की सगळ्या बिल्डिंगला कळतं..."

"ताई," धनेश म्हणाला, "आधी जाऊन त्यांना विचारा. मी फोन धरून बसतो."